पार्किंगवरच्या घराची फरशी तापते: खालून इन्सुलेशन करावं का? (नागपूर)

बेसा_रोडवाली | ११ एप्रिल, रात्री ९.४५

नमस्कार मंडळी. दोन घरांबद्दल विचारायचं आहे. नागपूरचा उन्हाळा भोगलेल्यांनी उत्तर दिलं तर जास्त बरं होईल.

पहिलं घर आमचं. बेसा भागात चार मजली अपार्टमेंट, आम्ही पहिल्या मजल्यावर. खाली चारी बाजूंनी उघडी पार्किंग. वर तीन मजले आहेत, त्यामुळे छत तापत नाही. पण मार्च सरला की फरशी कोमट व्हायला लागते आणि मे महिन्यात संध्याकाळी स्वयंपाकघरात अनवाणी उभं राहिलं की तळपायांना ऊब सरळ कळते. सासूबाईंना दुपारी फरशीवर आडवं व्हायची आयुष्यभराची सवय, त्यांना इथे ते जमत नाही. हॉलमध्ये दीड टनाचा एसी आहे. मे महिन्याच्या बिलात ५०० युनिटच्या वरच्या टप्प्यात जातो, आणि तिथला दर तुम्हाला माहीतच आहे.

एका ठेकेदाराने दोन पर्याय सांगितले: पार्किंगच्या बाजूने स्लॅबला खालून थर्माकोल चिकटवायचा, किंवा घरात आहे त्या फरशीवर शीट टाकून वरून नवीन टाइल्स बसवायच्या.

दुसरं घर आईबाबांचं, त्रिमूर्तीनगरला. तळमजला, वर एक मजला, स्वतःचं बांधकाम. तिथली फरशी उचकटून नवीन बसवायची आहे. मिस्त्री म्हणतो आहे, "ताई, लगे हात खाली थर्माकोल टाकून घ्या, घर थंड राहील." माझा भाऊ जर्मनीत असतो, तोही म्हणतो की तिकडे तळमजल्याच्या फरशीखाली इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) असतंच असतं.

दोन्हीकडे करावं का? की एकीकडेच? बाबांचे निवृत्तीचे पैसे आहेत, उगाच मातीत जायला नकोत.

---

संत्रानगरी_४४ | ११ एप्रिल, रात्री १०.०५

आधी छत करा ताई. नागपुरात उष्णता वरून येते. गच्चीवर चुना मारा, फरक लगेच कळेल.

---

बेसा_रोडवाली | ११ एप्रिल, रात्री १०.१२

दादा, आम्ही पहिल्या मजल्यावर आहोत. गच्ची आमच्या डोक्यावर नाही. आईबाबांकडे वरचा मजला आहे, त्याचं छत नक्की विचारात घेते.

---

स्लॅब_आणि_सावली | १२ एप्रिल, सकाळी ७.३०

ताई, दोन्ही घरांना एकच उत्तर लावू नका. तुमच्या दोन घरांची उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. मी बांधकामातला माणूस आहे, विदर्भात बरीच वर्षं कामं केली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फरशीबद्दल पहिला प्रश्न असा विचारायचा, की ती खाली कशाला टेकली आहे? मातीला की हवेला?

आईबाबांची फरशी मातीला टेकली आहे. जमिनीत तीन-चार मीटर खाली गेलं की तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं, आणि ते त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास असतं. नागपूरची वार्षिक सरासरी साधारण २७ अंश. मे महिन्यात बाहेर ४५ असताना घराच्या सावलीतली, कधी ऊन न पाहिलेली ती माती तिशीच्या अलीकडे-पलीकडेच असते. म्हणजे तळमजल्याच्या घराला खालून फुकटचा गारवा आहे. खोलीतली उष्णता फरशीतून मातीत उतरते, दिवसरात्र, वीज न लागता. मध्ये थर्माकोल घातला की ही वाट बंद. त्या मिस्त्रीचा हेतू चांगला असेल, पण त्याच्या सल्ल्याने घर उन्हाळ्यात जास्त तापेल.

तुमच्या भावाचंही चूक नाही. जर्मनीत वार्षिक सरासरी दहाच्या आसपास, घर आतून वीस-एकवीसवर ठेवायचं, म्हणजे माती सहा-आठ महिने घरातली ऊब ओढून घेते. तिथे ती वाट अडवण्यासाठी पैसे खर्च करणं रास्त. आपल्याकडे तीच वाट उघडी ठेवायची.

आता तुमचा फ्लॅट. तुमची फरशी हवेला टेकली आहे, आणि ती हवा ४२-४४ अंशांची. शिवाय पार्किंगबाहेरचे काळपट पेव्हर ब्लॉक दिवसभर तापतात, संध्याकाळी पश्चिमेचं तिरपं ऊन थेट पार्किंगमध्ये शिरतं, बाहेरून तापून आलेल्या गाड्या खाली उभ्या राहतात. गरम हवा वर चढते आणि स्लॅबखालच्या बीमच्या चौकोनांत अडकून बसते. आत एसी लावून तुम्ही २६-२७ करता. म्हणजे तुमची फरशी खोलीच्या बाजूने छतासारखी वागते, फक्त उलटी. इथे इन्सुलेशन उपयोगी आहे.

आकड्यात सांगतो. सहा इंची आरसीसी स्लॅब, वर टाइल, खाली प्लास्टर, बस. काँक्रीट उष्णता बऱ्यापैकी वाहून नेतं. वर-खाली पंधरा अंशांचा फरक धरला तर दर चौरस मीटरमधून ४५ वॅटच्या आसपास उष्णता वर येते. दहा बाय दहाच्या खोलीचे ९.३ चौरस मीटर, म्हणजे ४०० वॅटपेक्षा थोडं जास्त. एक टन एसीची थंड करायची ताकद ३५०० वॅट. तेव्हा एका खोलीच्या मागे टनाचा आठवा भाग नुसती फरशी खाते. खाली ५० मिमीचं चांगलं इन्सुलेशन लावलं तर हे ४०० वॅट ७०-८० वर येतात. हा हिशेब ढोबळ आहे, पण दिशा कळायला पुरेसा आहे.

काम कसं करायचं ते वेगळ्या पोस्टमध्ये लिहितो, साइटवर निघायचं आहे.

---

महालातला_वाडा | १२ एप्रिल, सकाळी ८.५०

वरच्या भाऊंनी एकदम बरोबर सांगतलं. आमचं जुनं घर महालातलं. मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर माळा, त्यावर कवेलू (कौलं). खालची जमीन शेणानं सारवलेली. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) रस्त्यावर चिटपाखरू नसे आणि आम्ही पोट्टे माजघरात जमिनीवर उघड्या पाठीनं लोळून राहत होतो. पंखा एकच, तोही बाबांच्या खोलीत.

जमीन थंड काऊन राहत होती, तर तिच्यावर कधीच ऊन पडत नव्हतं. अंगणात पण संध्याकाळी सडा पडायचा. ताईच्या सासूबाई ज्या फरशीवर झोपायची आठवण काढून राहिल्या ती अशीच असन, मातीला लागलेली. अपार्टमेंटच्या पहिल्या मजल्यावर तशी फरशी भेटणार नाही, पण निदान गरम तरी नाही झाली पाहिजे.

आईबाबांच्या घरी कोटा दगड टाका ताई. चकचकीत टाइलपेक्षा कोटा पायाला बरा.

---

स्लॅब_आणि_सावली | १२ एप्रिल, दुपारी २.१०

जेवणाची सुट्टी आहे तेवढ्यात पुढचं लिहून टाकतो.

फ्लॅटमध्ये आतून करावं की खालून? माझं मत स्पष्ट आहे: खालून. आतून करायचं म्हणजे पन्नास मिमीची शीट, त्यावर निदान ४०-५० मिमीचा जाळी घातलेला काँक्रीटचा थर, मग टाइल. फरशी चार इंच वर येते. सगळे दरवाजे खालून कापा, बाथरूमचे उंबरे बदला, ओट्याची उंची कमी झाली म्हणून तोही उचला. आणि ठेकेदाराने पैसे वाचवायला काँक्रीटचा थर पातळ केला, तर कपाटाच्या आणि पलंगाच्या पायाखाली टाइल पोकळ वाजायला लागतात आणि पुढे तडकतात. शिवाय वजन. पन्नास मिमी काँक्रीट म्हणजे दर चौरस मीटरला शंभर-सव्वाशे किलो. हे सगळं राहत्या घरात, सामान हलवत.

खालून केलं तर घरात धूळसुद्धा येत नाही.

पण "खालून थर्माकोल चिकटवून देतो" हे मात्र मान्य करू नका. थर्माकोल पेटतो, पेटताना वितळून खाली ठिबकतो आणि काळा विषारी धूर सोडतो. खाली गाड्या आहेत, पेट्रोल आहे, आता चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरही आहेत. इमारतीतल्या सगळ्यांचा बाहेर पडायचा रस्ता त्याच पार्किंगमधून जातो. तिथे डोक्यावर उघडा थर्माकोल किंवा उघडा पफ (पॉलियुरेथेनचा फेस) नकोच. "फायर रिटार्डंट" असं लिहिलेलं असलं तरी नको.

पार्किंगच्या बाजूला रॉकवूल वापरा. दगड वितळवून त्याचे तंतू काढतात, तो जळत नाही. दाट पाट्या मिळतात. स्लॅबला जीआय चॅनेल (जस्त चढवलेल्या लोखंडी पट्ट्या), त्यात ५० मिमीच्या पाट्या घट्ट बसवायच्या, आणि खालून सिमेंट फायबर बोर्ड स्क्रूने. दोन पाट्यांत बोट जाईल एवढी फट राहिली तरी तिथून उष्णता जाते, म्हणून काम चालू असताना स्वतः खाली उभं राहून पाहा. बोर्ड लागल्यावर आत काय झालंय ते कोणालाच दिसत नाही.

बीमच्या दोन्ही बाजूंनाही निदान फूटभर खालपर्यंत घ्या. नुसता सपाट भाग झाकला आणि बीम उघडे ठेवले तर उष्णता बीममधून चढते.

---

लीड्सची_आई | १२ एप्रिल, रात्री ८.३०

माझी मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते, गेल्या वर्षी आम्ही दोघं तिच्याकडे काही महिने होतो तेव्हा त्यांच्या घराचं हेच काम चालू होतं. म्हणून हा धागा फार आवडीने वाचते आहे.

तिथल्या जुन्या घरांत तळमजल्याची जमीन लाकडी फळ्यांची असते. फळ्या लाकडी तुळयांवर, आणि खाली दोन-तीन फूट मोकळी पोकळी. बाहेरच्या भिंतीत जाळीच्या विटा ठेवलेल्या असतात, त्यांतून वारा या पोकळीत खेळता राहतो, म्हणजे लाकूड सडत नाही. हिवाळ्यात तोच गार वारा फळ्यांच्या फटींतून घरात. मोजे घालूनही पाय गारठायचे माझे. कामगारांनी फळ्या उचलल्या, तुळयांच्या मधे जाळी ताणली, त्या जाळीवर लोकरीसारखे जाड पट्टे भरले, फटी बंद केल्या आणि फळ्या परत ठोकल्या. जाळीच्या विटा मात्र मुद्दाम उघड्या ठेवल्या. त्या बुजवल्या तर ओल कोंडून लाकूड जातं, असं त्या माणसाने जावयाला बजावून सांगितलं.

गंमत म्हणजे त्यांची ती पोकळी आणि ताईंची पार्किंग यांचं काम एकच: जमिनीखाली हवा. तिथे ती हवा गार म्हणून त्रास, इथे गरम म्हणून. त्यामुळे स्लॅबवाले भाऊ जे सांगत आहेत ते मला पटतं. पण आपल्या त्रिमूर्तीनगरच्या मातीवरच्या फरशीला तिकडचा नियम लावायचं काहीच कारण नाही.

---

बेसा_रोडवाली | १२ एप्रिल, रात्री ९.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आईबाबांच्या फरशीखाली थर्माकोल टाकायचा नाही, हे ठरलं. बाबांना फोन करून सांगितलं, त्यांना हायसं वाटलं.

फ्लॅटबद्दल तीन शंका.

स्लॅबची खालची बाजू आमची की सोसायटीची? आमच्या दोन्ही बाथरूमचे पाइप पार्किंगच्या छताला लटकलेले आहेत, त्यांचं काय करायचं? आणि पार्किंगची उंची आधीच कमी आहे, आमच्याकडे एक उंच एसयूव्ही आहे शेजाऱ्यांची.

आणि दादा, हिवाळ्याचंही सांगा. डिसेंबरात हीच फरशी बर्फासारखी होते. आईबाबांकडेही. मग तिथे इन्सुलेशन नसलं तर त्यांना थंडीचा त्रास नाही का होणार? बाबांचे गुडघे दुखतात.

---

सोसायटी_सचिव | १२ एप्रिल, रात्री १०.३०

पहिल्या शंकेचं मी सांगतो. स्लॅबची खालची बाजू आणि पार्किंग ही सामायिक जागा आहे. सोसायटीची लेखी परवानगी घ्या, तोंडी चालणार नाही. अर्जासोबत कोणतं साहित्य वापरणार, ते जळणारं नाही याचा कंपनीचा कागद, आणि काम झाल्यावर पाइप दुरुस्तीला उघडता येईल याची हमी जोडा. आमच्या सोसायटीत असा अर्ज आला तर मी तरी खुशीने मंजुरीसाठी पुढे पाठवेन. उलट पहिल्या मजल्यावरचे दोन्ही-चारही फ्लॅट मिळून करा. शेजाऱ्यांनी केलं नाही तर तुमच्या भिंतीखालून, बीममधून कडेकडेने उष्णता येतच राहते, आणि ठेकेदारही चार फ्लॅटचं काम एकत्र असलं की दर नीट लावतो.

---

स्लॅब_आणि_सावली | १३ एप्रिल, सकाळी ६.५०

सचिवसाहेबांनी महत्त्वाचं सांगितलं. पुढचं माझ्याकडून.

पाइप: बाथरूमखालचा भाग कायमचा बंद करू नका. तिथे ट्रॅप (पाणी अडवून वास रोखणारे वाकडे पाइप) असतात, कधी ना कधी तुंबतात, गळतात. तेवढा चौकोन सोडून द्या किंवा स्क्रूने निघणारी झडप ठेवा. बाथरूमची फरशी थोडी कोमट राहिली तर कोणाचं बिघडत नाही. हॉल, दोन्ही बेडरूम आणि स्वयंपाकघर ही खरी जागा. आणि बोर्ड लावायच्या आधी सध्याची गळती पूर्ण थांबवा. आत पाणी मुरलं तर रॉकवूल ओला होऊन निकामी होतो आणि बोर्डावर डाग उमटेपर्यंत कळत नाही.

उंची: पन्नास मिमी पाटी आणि आठ-दहा मिमीचा बोर्ड धरून अडीच इंच जातील. बीम मुळातच स्लॅबपेक्षा बरेच खाली लोंबतात आणि गाडीची अडचण बीमला होते. बीमच्या तळाला काही लावू नका, फक्त बाजूंना लावा, म्हणजे उंची तेवढीच राहील.

आणखी एक गोष्ट, जी ठेकेदार सांगत नाहीत. पावसाळ्यात, जून-जुलैत, हवा दमट असते आणि तुम्ही एसी लावून स्लॅब गार ठेवलेला असतो. दमट हवा रॉकवूलमधून गार स्लॅबपर्यंत पोचली की तिथे पाणी धरतं, गार पाण्याच्या ग्लासावर बाहेरून थेंब धरतात तसं. म्हणून पाट्यांच्या खालच्या अंगाला, पार्किंगच्या बाजूने, ॲल्युमिनियम फॉइलचं सलग आवरण हवं आणि जोडांवर फॉइलचीच टेप. फॉइल वरच्या बाजूला, स्लॅबकडे लावून उपयोग नाही.

थंडी: नागपूरची थंडी मी हलकी समजत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ वर आला होता. पण अशी कडक थंडी मोजके आठवडे, आणि उन्हाळा मार्चपासून जूनच्या पावसापर्यंत. काही आठवड्यांसाठी फरशीखाली कायमचा थर घालण्यापेक्षा सतरंजी अंथरा, बाबांच्या पलंगापाशी जाड दरी टाका, मार्चमध्ये गुंडाळून ठेवा. मातीवरची फरशी थंडीतसुद्धा बाहेरच्या हवेइतकी गार होत नाही, कारण खालची माती तेव्हाही तिच्या सरासरीजवळच असते. पायाला जास्त गार लागते, कारण दगड पायातली ऊब पटकन ओढतो. दरीने तेवढंच थांबतं.

तुमच्या फ्लॅटला खालचं काम थंडीतही उपयोगी पडेल. गार हवा खालून लागणं कमी होईल. म्हणजे दोन्ही ऋतूंत फायदा.

---

शेवटचा_मजला | १३ एप्रिल, दुपारी १२.४०

माफ करा, विषय थोडा वर नेतो. मी मानेवाड्याला सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. इथे फरशीचं बोलणं चाललंय, पण गच्ची म्हणजे आमच्या छताची वरची फरशीच आहे. ताईंच्या आईबाबांकडेही वरचा मजला आहे, म्हणून विचारतो.

रात्री दहाला छताला हात लावला तर चटका नाही, पण हात ठेवून ठेवावासा वाटत नाही. पंखा लावला तर गरम हवा खाली ढकलतो. कूलर लावला तर खिडकीजवळ बरं, पलंगावर डोक्याला छताची धग. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हा आम्ही आठवडाभर गच्चीवर झोपलो, खोलीत राहणं शक्य नव्हतं. आता आईला गच्चीवर चढवणं होत नाही.

पफ मारू, की पांढरा रंग, की वर शेड?

---

स्लॅब_आणि_सावली | १३ एप्रिल, रात्री ९.००

माफी कशाला. खरं तर नागपुरात पैसे मर्यादित असतील तर पहिला रुपया इथेच घालायला हवा.

तोच हिशेब छताला लावून पाहा. मे महिन्यात दुपारी काळपट गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत जातो. खोली २८. फरक ३२ अंशांचा, पार्किंगच्या दुपटीहून जास्त. दहा बाय दहाच्या खोलीवर अकराशे वॅटच्या आसपास येतात, म्हणजे टनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. आणि स्लॅब जाड असल्याने ही धग चार-पाच तास उशिरा खाली पोचते. दुपारी दोनला वर तापलेलं संध्याकाळी सहा-सातला तुमच्या डोक्यावर उतरतं आणि तुम्ही झोपायला जाता तेव्हाही संपलेलं नसतं. तुम्ही म्हणता ते रात्री दहाचं दुखणं हेच.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात छताची यू व्हॅल्यू १.२ च्या आत ठेवायला सांगितली आहे. हा आकडा जितका लहान, तितकी उष्णता कमी शिरते. आपल्या नुसत्या आरसीसी स्लॅबचा आकडा तीनच्या वर असतो. वर २५ मिमी एक्सपीएस (दाट फोमची) शीट घातली की ०.९ च्या जवळ येतो, ५० मिमी घातली तर ०.५. म्हणजे एक इंचानेही नियम पाळला जातो. पण मजुरी, काँक्रीट, टाइल हा सगळा खर्च दोन्हीला सारखाच, त्यामुळे मी ५० सांगतो.

क्रम असा. आधी वॉटरप्रूफिंग, आणि त्यावर दोन दिवस पाणी तुंबवून खालून ओल येते का ते बघायचं. ही चाचणी कोणाच्याही घाईखातर सोडू नका. मग एक्सपीएसच्या शीट, त्यांच्या कडा एकमेकांत बसणाऱ्या खाचेच्या असतात, विटांसारखे जोड चुकवत मांडायच्या. एक्सपीएसच का? त्याच्या आतली छिद्रं बंद असतात, तो पाणी पीत नाही. साध्या थर्माकोलच्या दाण्यांमधून पाणी शिरतं आणि एकदा शिरलं की तो इन्सुलेशन राहत नाही. शीटवर जिओटेक्स्टाइलचं कापड, त्यावर जाळी घालून ५० मिमी काँक्रीट, पाण्याच्या पाइपकडे शंभराला एक उतार, कठड्याच्या कडेने गोल वाटा (कोपरा गोलाई देऊन भरणं), आणि सगळ्यात वर पांढऱ्या चिनी टाइलच्या तुकड्यांचं मोझॅक.

वरचा पांढरा रंग आणि आतलं इन्सुलेशन ही दोन वेगळी कामं करतात. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, म्हणजे गच्ची मुळात कमी तापते. इन्सुलेशन जे काही तापलं ते खाली उतरू देत नाही. पैसे नसतील तर नुसता चुना मारा, तोही लक्षणीय फरक करतो. फक्त मार्चमध्ये मारा, आणि धूळ बसली की झाडा, धुवा. मळका पांढरा अर्धा निकामी. पावसाळ्यात तो धुऊन जाईल, पुढच्या वर्षी परत.

शेड चांगलीच, पण पत्रा स्लॅबला चिकटून नको. मधून वारा वाहायला हवा. महानगरपालिकेची परवानगी लागते का तेही बघा.

आतून पीओपीच्या वर पफ फवारणं हा शेवटचा पर्याय. मग स्लॅब बाहेर तापतच राहतो, रोज प्रसरण-आकुंचन होऊन तडे जातात. थर बाहेरून असला की स्लॅबच सावलीत येतो.

---

महालातला_वाडा | १३ एप्रिल, रात्री ९.३५

भाऊ, आमच्या इकडे एका घरी गच्चीवर मडकी उलटी मांडून त्यावर कोबा केला होता. ते चालते का?

---

स्लॅब_आणि_सावली | १३ एप्रिल, रात्री ९.५०

चालतं काका. मडक्यात हवा कोंडलेली, तीच अडवते. खर्च कमी, कुंभाराला काम. पण कोबा जाड लागतो, वजन बरंच येतं आणि मडकं फुटलं की वर खळगा पडून पाणी साचतं. जुन्या स्लॅबवर करायचं असेल तर आधी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्लॅब दाखवा. ब्रिक बॅट कोब्यालाही (विटांचे तुकडे घालून केलेल्या) हेच लागू. आधीचा जाड कोबा असेल तर त्यावर आणखी थर चढवण्यापेक्षा तो काढून हलका थर द्यावा. एक्सपीएसची शीट स्वतः चौरस मीटरला दोन किलोसुद्धा भरत नाही.

---

वाळ्याची_ताटी | १४ एप्रिल, सकाळी ११.१५

आमच्याकडे एसी नाही, कूलरच आहे. भाड्याचं घर, पार्किंगवरचंच. मालक काही करणार नाहीत. आम्ही काय करावं?

---

बेसा_रोडवाली | १४ एप्रिल, दुपारी ३.००

ताई, मी आमच्याकडे पहिल्यांदा हेच करून पाहते आहे, म्हणून सांगते. पार्किंगच्या पश्चिम बाजूला सोसायटीने हिरवी जाळी बांधू दिली, म्हणजे चार-साडेचारचं ऊन आत येत नाही. आणि वॉचमनकाका संध्याकाळी पेव्हर ब्लॉकवर वापरलेल्या पाण्याचा सडा मारतात, आमच्या वॉशिंग मशीनचं शेवटचं पाणी बादल्यांत साठवतो त्यासाठी. रात्री स्वयंपाकघराची फरशी आधीपेक्षा बरी लागते. सासूबाईंना शिंदीच्या पानांची चटई आणली.

---

स्लॅब_आणि_सावली | १४ एप्रिल, रात्री ८.४०

अगदी योग्य. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की पाणी पटकन उडतं आणि जमीन गार करून जातं. जून लागला, हवा दमट झाली की याचा परिणाम कमी होतो, कूलरचाही होतो.

कूलरवाल्या ताईंना: कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तेव्हा समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवंच. ते बंद ठेवलं तर खोली दमट होते आणि फरशीची ऊब अंगाला जास्त जाणवते. फरशीवर चटई-सतरंजी घाला. खिडक्यांना बाहेरून पडदा किंवा वाळ्याच्या ताट्या लावा. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, बाहेरचा आधीच अडवतो. यातलं काहीच मालकाला विचारावं लागत नाही.

---

शेवटचा_मजला | १५ एप्रिल, सकाळी ७.१०

मी गच्चीचं काम करायचं ठरवलं. आत्ता एप्रिलमध्ये लगेच सुरू करू का? पावसाच्या आधी होईल ना?

---

स्लॅब_आणि_सावली | १५ एप्रिल, सकाळी ७.४५

या उन्हाळ्यात पूर्ण काम काढू नका. ४५ अंशांत टाकलेलं पातळ काँक्रीट पाणी धरून ठेवत नाही, भेगा पडतात. गोणपाट टाकून दिवसातून चार-पाच वेळा पाणी मारायला माणूस आणि पाणी दोन्ही लागतं, आणि मे महिन्यात टाक्याच भरत नाहीत. आत्ता गच्ची स्वच्छ झाडून चुना मारा, शक्य तर हिरवी जाळी ताणा, आईच्या खोलीवर तरी नक्की. पावसाळ्यात छत कुठे गळतं ते खडूने खुणा करून ठेवा, ती माहिती वॉटरप्रूफिंगवाल्याला लागेल. दिवाळीनंतर काम सुरू करा, फेब्रुवारीच्या आत संपवा.

बेसावाल्या ताईंचं पार्किंगचं काम मात्र कोरडं आहे, त्यात काँक्रीट नाही. परवानगी मिळाली की मे महिन्यातही करता येईल. पावसाआधी करायचं तर फॉइलच्या जोडांवर टेप लागल्याशिवाय बोर्ड चढवू देऊ नका. आणि माल उतरवताना दोघांनीही एकच तपासा: पाकिटावर जाडी आणि घनता छापलेली असते, बिलावर तीच लिहून घ्या. ५० सांगून ४० ची शीट टाकली तर वरून काहीच कळत नाही. एक शीट उभी करून फूटपट्टी लावा, मगच गाडी रिकामी करू द्या.

---

बेसा_रोडवाली | १५ एप्रिल, सकाळी ८.०५

लिहून घेतलं. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, पहिल्या मजल्यावरच्या बाकीच्या तीन घरांशी आजच बोलते.